पाहुण्याचं पाणी

मला एका जागी बसवत नाही. स्वभाव तसा पहिल्यापासूनच, पण आप्पांच्या किडन्या गेल्यापासून त्याला धरबंधच उरलेला नाही. शाळेतून आले की पिशवी खुंटीला लावायच्या आधी मी त्यांच्या पायांशी जाते. घोट्याच्या वर बोट दाबते, उचलते आणि बघते. पडलेला खड्डा तसाच राहिला तर अंगात पाणी साठलंय. पटकन भरून आला तर ठीक. खड्डा दिसला की मी चहा उभ्यानंच पिते, अंगणात दहा वेळा येते-जाते, आणि आई म्हणते, "अगं, तू चालून त्यांचं पानी कमी व्हतंय व्हय?"

आप्पा म्हणजे माझे वडील. कन्नड मुलखात, राजेश्वरच्या पलीकडं आमचं गाव आहे, तिथं ते पंचायतीचे वॉटरमन होते. टाकी भरायची, मग मोठी लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचं, एका गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायचा, दुसरीचा बंद करायचा, हे काम. उन्हाळ्यात सगळं गाव त्यांच्या पाठीमागं असायचं. कुणी आप्पा म्हणायचं, कुणी शिव्या द्यायचं. आमची गल्ली सगळ्यात शेवटी यायची. आई त्यावरून भांडायची तर ते म्हणायचे, "पयलं आपल्याला घेतलं तर लोक काय म्हनतील?" आता ते घरीच असतात. चावी पंचायतीत गेली. माझा नवरा हैदराबादला नोकरीला, माझी शाळा इथं जवळ, म्हणून मी आईआप्पांजवळ राहते.

मी दहावीला विज्ञान शिकवते. किडनीला पुस्तकात वृक्क म्हणतात, पण वर्गात तो शब्द उच्चारला की मागच्या बाकावर हसू फुटतं, म्हणून मी किडनीच म्हणते. फळ्यावर घेवड्याच्या दाण्यासारखा आकार काढते. आत लाखो बारीक नळ्या. प्रत्येक नळीच्या टोकाला केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं गुंतवळ, त्यातून रक्त गाळलं जातं. पोरांना वाटतं, किडनी घाण तेवढी वेचून बाहेर टाकते. तसं नाही. एप्रिलात जयंतीच्या आधी आम्ही घर रंगवायला काढतो तेव्हा काय करतो? कणगी, डबे, ट्रंका, सगळं आधी अंगणात आणतो. मग हवं ते झटकून आत घेतो, नको ते उकिरड्यावर. किडनी हेच करते. पाणी, मीठ, साखर, युरिया, आधी बरंच काही नळीत सोडून देते आणि पुढं जाता जाता कामाचं परत रक्तात ओढून घेते. असं दिवसभरात मोठं पिंप भरेल एवढं पाणी गाळलं जातं आणि त्यातलं बाहेर जातं ते फार तर तांब्या-दीड तांब्या. उन्हात राबून आलात, घाम गेला, की मेंदूकडून निरोप येतो, पाणी सोडू नको. मग लघवी कमी होते, पिवळीजर्द होते. जास्त प्यालात की निरोप थांबतो आणि व्हॉल्व्ह उघडतो.

हे मी आप्पांनाही सांगितलं होतं, आजाराच्या सुरुवातीला, त्यांना बरं वाटावं म्हणून. म्हटलं, "आप्पा, किडनी म्हंजे तुमच्यासारखी वॉटरमनच की."

ते विचारात पडले. म्हणाले, "पर घानबी तीच काढती म्हनतीस ना?"

"हो. दोन्ही तीच."

"मग माज्यासारखी कशी? मी कदी नाली काढली न्हाई."

ते खरं होतं. आम्ही बौद्ध. आप्पा कामाला लागले तेव्हा पंचायतीतल्या कुणीतरी सहज सांगितलं होतं, पाणी सोडायला जातोसच, तर जाता जाता नाल्याही उपसत जा. आप्पांनी खांद्यावरची चावी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, चावी तरी द्या न्हाई तर खोरं तरी द्या, दोन्ही माज्याच हातात कामून? टेबलापलीकडच्या माणसानं चावी परत त्यांच्याकडं सरकवली. ही गोष्ट आमच्या घरात एवढ्या वेळा सांगितली गेलीय की ती मला डोळ्यानं बघितल्यासारखी आठवते. शरीरात मात्र पाणी सोडणारा आणि नाली उपसणारा एकच, आणि त्याच्या हातचं सगळं अंग पितं, कुणी नाक मुरडत नाही. वर्गात मी हे एकदा बोलून गेले. काही पोरं हसली, काहींनी माना खाली घातल्या. मी पुढचा मुद्दा घेतला.

आप्पांना साखर होती, बीपी होतं, आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून कुणालाही न विचारता आणलेल्या गोळ्या होत्या. त्या गोळ्या किडनीला मारतात हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि घरात दिसत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पाय सुजले, अन्न नकोसं झालं, तपासलं तर दोन्ही किडन्या वाळलेल्या. मग डाव्या हाताला मनगटाच्या वर दोन रक्तवाहिन्या जोडून फिस्तुला केला, सुया घालायला. त्यावर बोट ठेवलं की आत गिरणी चालू असल्यासारखं थरथरतं. त्या हातात वजन घ्यायचं नाही, त्या हातावर बीपी बघायचं नाही, तो कुणी दाबायचा नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हुमनाबादला डायलिसिस. मशीन किडनीचं काम करतं खरं, पण तीन-चार दिवसांचं पाणी चार तासांत ओढून काढतं, त्यामुळं परत येताना जीपमध्ये आप्पांच्या पायात गोळे येतात आणि ते पिळून काढलेल्या फडक्यासारखे दिसतात.

एकदा सकाळी ते खाटेवर पुढं वाकून बसलेले, तोंड उघडं, बोलता येईना. छातीत घुरघुर. पाणी फुप्फुसात चढलं होतं. त्या दिवशी वाचले. डॉक्टर तरुण होते, कन्नड-हिंदी मिसळून बोलायचे. मला बाजूला घेऊन त्यांनी स्वच्छ सांगितलं, लघवी जवळजवळ बंद आहे, आत जाईल ते आतच राहणार. परत असं झालं तर इथवर आणायला वेळ मिळेलच असं नाही. सिस्टरही दर वेळी बजावायची, "नीरु कम्मी माडरी," पाणी कमी करा. एवढंच कन्नड आईनं त्या दिवसांत मंत्रासारखं पाठ केलं.

मग मी घर हातात घेतलं. निळ्या टोपणाची एक बाटली ठरवली. तीच आप्पांची दिवसाची, त्यातच चहा, त्यातच गोळ्यांचं पाणी, आणि ती मी सकाळी स्वतः भरून ठेवायची. ओतायचं ते छोट्या स्टीलच्या पेल्यात. तांब्यातून वरून घटाघट पिणं बंद, कारण वरून पिताना किती गेलं ते कुणालाच कळत नाही. आंबील बंद, ताक बंद, वाळूक-काकडी बंद. आमच्याकडं पाणी न पिणारा माणूसही उन्हाळ्यात आंबील भुरकतोच, आणि आंबील म्हणजे खाणं अशी सगळ्यांची समजूत. भाज्या उकळून पाणी फेकायचं. मीठ चिमटीनं. आप्पांनी सगळं ऐकलं. लहान पोरासारखे पेल्याकडं बघत बसायचे, पण ऐकलं.

आणि तरी वजन वाढायचं. मंगळवारी काट्यावर उभे राहिले की आकडा वर. शुक्रवारी परत वर. सिस्टर माझ्याकडं बघायची, मी आईकडं बघायचे. घरी येऊन मी आईशी भांडायचे. चोरून देतीस, तुझा जीव राहत नाही, मला माहीत आहे. ती रडायची, मुलीची शपथ घ्यायची, म्हणजे माझीच. मी स्वयंपाकघरात जाऊन पातेली हुंगायचे. आमटी पातळ का झाली? माठ कोपऱ्यात होता तो मी वर फळीवर चढवला. रविवारी दुपारी झोप म्हणून आडवी झाले तर कान त्यांच्या श्वासाकडं. श्वास जरा लांबला की उठून बसायचे. शाळेत शिकवता शिकवता मोबाइल वाजला तर हातातला खडू मोडायचा.

त्याच आठवड्यात वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, किडनी बिघडली तर तहान कामून बिघडत न्हाई?"

मी तिला सांगितलं की तहान किडनीत नसते, मेंदूत असते. रक्त खारट झालं की मेंदू पाणी माग म्हणतो. ते पाणी बाहेर टाकायला खाली कुणी आहे की नाही, हे तो विचारत नाही. मुलगी म्हणाली, "मग त्या मानसाचे लई हाल." मी हो म्हटलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

शनिवारी शाळा अर्धीच, पण बस मिळून घरी पोचायला मला तीन वाजतात. त्या शनिवारी एक सर मोटारसायकलवर निघाले होते, त्यांच्या मागं बसून मी बारालाच आले. अंगणात चपलांचा ढीग. आत खाटेभोवती पाहुणे, मादन हिप्परग्याहून आलेले आईच्या माहेरचे. आजारी माणसाला बघायला आमच्याकडं माणसं अशी येतात, ओळीनं, आणि दिवसाउजेडी, परतीची बस असेपर्यंत. आई आतून ताटात पेले घेऊन आली. जेवढे पाहुणे त्याहून एक पेला जास्त. आप्पांनी तो उचलला, पाहुण्यांकडं बघून मान हलवली आणि सगळ्यांच्या आधी प्यायले. पूर्ण. मोठा पेला, माठातला.

मी उंबऱ्यातच होते.

"सकाळधरनं कितीजण येऊन गेले?" मी आईला विचारलं.

"तांड्याकडचे आलते. मग राजेश्वरहून..." ती बोटांवर मोजत सांगायला लागली आणि माझं तोंड बघून थांबली.

"अन् दर वेळी आप्पा प्याले?"

आप्पाच म्हणाले, अगदी शांतपणे, "ते पावन्याचं पानी हाय बाई. माजं कुटं हाय? माजं बाटलीत हाय."

आणि ते खोटं बोलत नव्हते. आईही शपथेला जागली होती. तिनं त्यांना एक थेंब चोरून दिला नव्हता. पाहुण्यासोबतचं पाणी आमच्या घरात कुणी मोजलंच नव्हतं. संध्याकाळी मी घरी असले आणि कुणी आलं तर तो जास्तीचा पेला मीसुद्धा भरला होता, आणि बाटलीकडं बोट दाखवत आईशी भांडले होते.

ही रीत आजोबांची. आजोबा सालगडी होते, वर्षाच्या बोलीनं दुसऱ्याच्या शेतात. मालकाच्या विहिरीवर त्यांना आणि लहानग्या आप्पांना खाली बसून ओंजळ धरावी लागायची, वरून कुणीतरी पाणी सोडायचं. मालकाचा मुलगा आप्पांच्याच वयाचा, दोघं मिळून ढोरं राखायचे. तांब्या बहुतेक त्याच्याच हातात असायचा. आप्पा ती गोष्ट हसत सांगतात. "त्याचं ध्यान पाखरावर, अन् माजं पानी कोपरावरनं खाली. तोंडात कमी, चड्डीत जास्त." मला ती ऐकताना कधी हसू आलं नाही. माझं डोकं फिरतं. आप्पा म्हणतात, पोरगं होतं ते, त्याला काय कळतंय. मी म्हणते, तुम्ही पण पोरगंच होता.

आजोबांनी दीक्षा घेतली आणि घरात नियम केला. जो येईल त्याला पाणी हातात द्यायचं, आणि आपणही त्याच्यासमोर त्याच माठातलं प्यायचं, त्याच्या आधी. प्यायचं की नाही ते त्यानं ठरवावं, पण आपण त्याला आपल्या बरोबरीनं बसवलंय हे त्याला दिसू दे. पाहुणा न पिता गेला तर त्याचं पाणी परत माठात नाही, अंगणातल्या कढीपत्त्याला. मालकाचा तो मुलगा, आता म्हातारा, राजेश्वरला राहतो, आप्पांचा दोस्त. मीही त्यांना अण्णाच म्हणते. कित्येक वर्षं दर आठवड्याला आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. तंबाखू मळायचे, पावसापाण्याचं बोलायचे, माझ्या लग्नात पंगत वाढायला उभे होते. आणि पाण्याचा पेला पुढं केला की म्हणायचे, "आत्ताच पिऊन आलो गड्या." दर वेळी. आप्पा आपला पेला प्यायचे आणि त्यांचा कढीपत्त्याला घालायचे. तो कढीपत्ता गल्लीत सगळ्यात उंच झाला. आई म्हणायची, झाडाला कोण पाजतंय ते आम्हाला ठाऊक आहे.

त्या शनिवारी पाहुण्यांसमोरच मी ओरडले. जे तोंडाला येईल ते. आजपासून या घरात पाहुण्याला पाणी नाही. कुणालाच नाही. पाहुणे उठले, चपला शोधायला लागले. आईनं कपाळाला हात लावला. आप्पा भिंतीकडं तोंड करून निजले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "मानसाला दारातनं कोरडं लावतेत ती घरं मी बगितल्यात. माजं घर तसलं न्हाई. तसलं करायचं आसंल तर मला वाचवू नको."

त्यांचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं. शेवटी तोडगा असा निघाला, आई बाहेर ओट्यावर पाहुण्यांना पाणी देईल, आप्पा आत निजून राहतील, झोपलेत म्हणून सांगायचं. आप्पांनी मान्य केलं, पण अन्न कमी केलं. दिवसभर आतून बाहेरचे आवाज ऐकत पडायचे. कोण आलं ते आवाजावरून ओळखायचे आणि कूस बदलायचे. वजन जरासं उतरलं. माणूसही उतरला.

अण्णा आले ते पुढच्या रविवारी. ऊन उतरणीला लागलं होतं. ते गेले कित्येक महिने मुलाकडं हैदराबादला होते, आदल्या दिवशी परतले तेव्हा त्यांना कळलं. हातात पिशवी, पिशवीत दोन शहाळी. हायवेवरून आणलेली.

"हे त्यांना चालत नाही," मी दारातच म्हटलं. "शहाळ्यात पोटॅशियम असतं. किडनी नसलेल्या माणसाचं काळीज बंद पडतं त्यानं."

माझा सूर चांगला नव्हता. अण्णांनी पिशवी मागं ओढली. "मला काय ठावं माय. आजाऱ्याला शहाळंच देतेत की."

आप्पा झोपलेत असं मी म्हणणार तेवढ्यात आतून आवाज आला, "बर्री अण्णा, बर्री!" या, या, म्हणत आप्पा भिंत धरत बाहेर आले. कितीतरी दिवसांनी ओट्यावर बसले. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. अण्णा म्हणाले, "आरं, लई वाळलास की रं." आप्पा म्हणाले, "भाईर वाळलाव, आत पानीच पानी हाय." दोघंही हसले. मी दाराशी उभी, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

मग आप्पांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "बाई, पानी आन. दोन पेले."

मी आत गेले. निळ्या टोपणाच्या बाटलीतून दुपारचा उरलेला वाटा त्या छोट्या पेल्यात ओतला. एकच पेला आणला आणि आप्पांच्या उजव्या हातात दिला.

"दोन म्हनलो."

"एवढंच आहे तुमचं. रात्रीच्या गोळ्यांपर्यंत एवढंच." आणि अण्णांकडं वळून म्हटलं, "यांना दिवसाला एक बाटली. पाहुण्यांसोबत पिऊन पिऊन मरायला टेकले होते. तुमच्यासाठी मी माठातलं आणते, पण हे तुमच्यासोबत पिणार नाहीत."

अण्णांचं ठरलेलं वाक्य ओठावर आलेलं मला दिसलं. "आत्ताच पि..." एवढं म्हणाले आणि पुढं गेले नाहीत. आप्पांनी पेल्यातलं अर्धं पाणी तोंडात घेतलं. ते गिळायची घाई करत नाहीत, आधी सगळ्या तोंडात फिरवतात. मग गिळलं. उरलेलं अर्धं अण्णांपुढं धरलं.

"घे."

अण्णा पेल्याकडं बघत बसले. आप्पांचे ओठ फुटलेले होते, कोपऱ्यांत पांढरं साचलेलं. पेला तसाच पुढं. थोड्या वेळानं आप्पांनी नेहमीसारखी मान हलवली, राग नाही, लोभ नाही, आणि तो अर्धा पेला कढीपत्त्याकडं नेऊन वाकडा करायला लागले. मी पुढं धावले. एक एक थेंब मी मोजून दिलेला. पण माझ्या आधी अण्णांनीच हात घातला आणि जवळ आलेला आप्पांचा डावा हात गच्च धरला.

"तो हात सोडा!" मी किंचाळले. "शिवू नका त्या हाताला!"

अण्णांनी विस्तव लागल्यासारखा हात काढला. त्यांना त्या हातातली थरथर लागली होती, आणि वर माझा आवाज. ते माझ्याकडं बघत राहिले. तेव्हा माझ्याही लक्षात आलं मी काय म्हटलं. आमच्या घरातल्या कुणीतरी त्यांच्या घरातल्या कुणाला तरी शिवू नका म्हटलं होतं. आई आत भांडी घासत होती, तिचा हातही थांबला. आणि आप्पा हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, खोकला येईपर्यंत.

"मशीनच्या सुया टोचतेत तितं," ते हसत हसत म्हणाले. "ती घाबरती. तू कामून घाबरलास?"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी आप्पांच्या उजव्या हातातून पेला काढून घेतला. आमच्याकडं सगळे पेला वर धरून पितात, ओठ न लावता. अण्णांनी लावला. जिथं आप्पांचे ओठ लागले होते तिथंच की दुसरीकडं, ते मला दिसलं नाही. दोन घोटांत संपलं. मिशा पुसल्या, पेला उपडा करून ओट्यावर ठेवला आणि विचारलं, "राजेश्वरची बस कदी हाय?"

ते गेल्यावर मला काय वाटलं ते सांगते. बरं वाटायला हवं होतं. मला राग आला, आजही येतो. या घरात माठ भरून वाहत होते तेव्हा या माणसाला कधी तहान लागली नाही. आणि प्यायला तो कधी, तर माझ्या बापाचा वाटा बाटलीवर आला तेव्हा. त्याच वाट्यातलं प्यायला. आप्पांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तू मोजत बस."

मंगळवारी वजन बरं निघालं. "ई सल छलो अदरी," या वेळी चांगलं आहे, सिस्टर म्हणाली. आप्पांनी तिला मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं की दोस्तानं त्यांचं अर्धं पाणी पिऊन टाकलं. तिला त्यातलं काही कळलं नसावं. त्यानंतर अण्णा दर आठवड्याला येतात. छोटा पेला मध्ये असतो, दोघांत एकच.

पण मी सांगतेय ते त्या रविवारचं. दुपारचं अर्धं पाणी दुसऱ्यानं प्यालेलं. उन्हाळ्याचे दिवस. दिवेलागणीला आप्पा पाणी मागणार आणि मला नाही म्हणावं लागणार, म्हणून मी आधीपासूनच आत-बाहेर करत होते. मागितलं नाही. जेवतानाही नाही. शेवटी मीच गोळ्या आणि बाटली घेऊन त्यांच्यापाशी गेले. म्हटलं, आज अण्णांनी घेतलंय, तेवढं मी वाढवून देते, घ्या.

"तहानच न्हाई गं बाई," ते म्हणाले, आणि गोळी नुसत्या घोटभर पाण्यावर घेतली.

असं होत नाही. तहान कुठं असते आणि कशानं लागते ते मी दर वर्षी फळ्यावर काढून दाखवते. बाटली परत नेऊन ठेवली, आणि त्यांच्या खाटेशी जमिनीवर बसले. बसून राहिले.